कळल्याचा दिवस

“मॅडम, ‘कळणे’ आणि ‘संशय येणे’ यांच्या अर्थांत नेमका फरक काय?” असे एका माजी विद्यार्थिनीने मला विचारले, तेव्हा ती नेट-सेटच्या तयारीला लागली असावी असे मी गृहीत धरले आणि दोन्ही क्रियापदांवर दहा मिनिटे बोलले. ‘कळणे’ मध्ये ज्ञात होण्याची क्रिया पूर्ण झालेली असते, संशयात ती अर्धी राहते. ‘मला कळले’ मधला ‘मला’ हा अनुभव घेणारा आहे, करणारा नव्हे, वगैरे. ती वहीत उतरवून घेत होती. माझे संपल्यावर तिने पिशवीतून कागद काढले. ते वसईच्या न्यायालयातले होते. आरोपीच्या वकिलाने अर्ज दिला होता की, तक्रार मुदतबाह्य आहे, सबब आरोपीला दोषमुक्त करावे. त्या अर्जातला सगळा युक्तिवाद ‘कळणे’ या एका क्रियापदावर उभा होता.

हकीकत थोडक्यात सांगते; ती ओळखू येऊ नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. मी गोखिवऱ्याला राहते. वसई स्थानकाच्या पूर्वेकडून महामार्गाच्या दिशेने निघाले की गोखिवरे, सातिवली, वालीव हा सगळा पट्टा औद्योगिक गाळ्यांचा. त्या गाळ्यांत काम करणारी माणसे आजूबाजूच्या चाळींत भाड्याने राहतात. खोली दहा बाय बाराची, मोरीला पत्र्याचा आडोसा, वर उजेडासाठी काचेच्या पट्ट्यांची झडप. आमच्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींपैकी कितीतरी अशाच खोल्यांत दोघी-तिघी मिळून राहतात. सकाळी कॉलेज, दुपारनंतर पॅकिंगचे काम. ही मुलगी २०१९ मध्ये एका मैत्रिणीबरोबर तशी राहत होती. त्या पावसाळ्यात एकदा अंघोळ करताना झडपेच्या पट्ट्यांमागे काहीतरी काळे दिसल्याचा तिला भास झाला. दोघींनी झडपेत कापडाचा बोळा कोंबला. चाळमालकाकडे तक्रार केली नाही, कारण सांगायचे काय हाच प्रश्न होता. दोन महिन्यांनी त्यांनी खोली सोडली.

पुढे २०२३ च्या दिवाळीनंतर चाळमालकाच्या नात्यातल्या एका मुलाचा जुना फोन विकला गेला. घेणाऱ्याला त्यात चित्रफिती सापडल्या, आणि त्याच्या बहिणीने हिला ओळखले. ही त्याच आठवड्यात पोलिसांत गेली. जबाब देताना तिने बोळ्याची गोष्टही सांगितली. सांगायला हवी असे कोणी म्हटले नव्हते, पण घडले ते सगळे सांगावे असे शाळेपासून शिकलेली मुलगी आहे. आता तो बोळा तिच्या विरुद्ध उभा आहे. वकील म्हणतात, बोळा कोंबला त्याअर्थी २०१९ मध्येच कळले होते. तीन वर्षांची मुदत २०२२ मध्ये संपली. २०२३ ची तक्रार ऐकून घेण्याचे कारणच नाही.

ही तीन वर्षे कुठून आली, हे साहित्याच्या विद्यार्थ्यांनीही समजून घ्यावे असे मला वाटते. कायदा हाही एक मजकूरच आहे आणि तो आपल्यावर वाचला जातो. स्त्रीच्या खासगी कृतीकडे चोरून पाहणे वा तिचे चित्रण करणे हा स्वतंत्र गुन्हा आपल्याकडे २०१३ मध्ये झाला. दिल्लीच्या डिसेंबर २०१२ च्या घटनेनंतर न्यायमूर्ती वर्मा समितीने जानेवारी २०१३ मध्ये अहवाल दिला आणि त्यापाठोपाठच्या दुरुस्तीने भारतीय दंड संहितेत कलम ३५४-सी आले. पहिल्यांदा दोषी ठरणाऱ्याला किमान एक वर्ष, जास्तीत जास्त तीन वर्षे कैद. पुन्हा केल्यास तीन ते सात वर्षे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हेच कलम ७७ व्या क्रमांकावर आहे. ‘कोणताही पुरुष’ या जागी ‘जो कोणी’ आले, शिक्षा तीच राहिली. त्याआधी माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ च्या दुरुस्तीने घातलेले कलम ६६-ई होते. त्याचीही कमाल शिक्षा तीन वर्षे.

आणि नेमकी इथेच मेख आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४६८ नुसार ज्या गुन्ह्याला एक ते तीन वर्षांपर्यंत कैद आहे, त्याची दखल घेण्याची मुदत तीन वर्षे. तीन वर्षांहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्याला मुदतच नाही. म्हणजे कायदा करणाऱ्यांनी शिक्षेच्या रकान्यात ‘तीन’ ऐवजी ‘साडेतीन’ लिहिले असते तर हा अर्ज जन्मालाच आला नसता. विनयभंगाच्या कलम ३५४ ची शिक्षा त्याच २०१३ च्या दुरुस्तीने पाच वर्षांपर्यंत वाढली. त्यामुळे गर्दीत कोणी अंगाला हात लावला तर त्याची तक्रार दहा वर्षांनीही कायद्याने शिळी होत नाही. मोरीत महिनोन्‌महिने चित्रण केले तर तीन वर्षांत होते. साध्या चोरीलाही तीन वर्षांचीच मुदत आहे. पाकीट मारणे आणि अंघोळीचे चित्रण करणे एका मापात बसले, ते कोणी विचारपूर्वक बसवले असे मला वाटत नाही. शिक्षेचे आकडे एका खोलीत ठरले, मुदतीचे कोष्टक चाळीस वर्षे आधी दुसऱ्या खोलीत ठरले होते, आणि दोन्ही कागद कोणी शेजारी ठेवून पाहिले नाहीत.

पाकिटाशी तुलना केलीच आहे तर ती पुढे नेऊ. पाकीट गेले की खिसा हलका लागतो. चोरीची वस्तू नाहीशी होते, आणि ती नाहीशी होणे हीच मालकाला मिळालेली वर्दी असते. छुप्या चित्रणात काहीच नाहीसे होत नाही. स्त्री अंघोळ करून बाहेर येते, केस पुसते, कामाला जाते. तिच्या दिवसात कुठेही खाच पडलेली नसते. गुन्हा जितका नीट केला जाईल तितका तो तिच्यासाठी घडलेलाच नसतो.

पुण्यातली जुलै २०२१ मधली घटना अनेकांना आठवत असेल. एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या निवासस्थानात राहणारी प्रशिक्षणार्थी डॉक्टर कामावरून परतली, तर दिवा लागेना. वीजतंत्री बोलावला. त्याने बल्ब काढून पाहिला तेव्हा आत कॅमेरा निघाला. या प्रकरणी पोलिसांनी एका डॉक्टरला अटक केली. खटल्यात काय ठरते ते न्यायालय पाहील; मला त्यातला दिवा महत्त्वाचा वाटतो. तो बल्ब नीट लागत राहिला असता तर? ती तिचे प्रशिक्षण संपवून दुसऱ्या गावी गेली असती आणि आपल्या आयुष्यात असे काही घडले हे तिला कधी कळलेही नसते. तिथे ‘कळणे’ किती स्वच्छ आहे पाहा: बल्ब उघडला, कॅमेरा हातात आला, तारीख पक्की. आमच्या चाळीतल्या मुलीच्या वाट्याला असे नाट्यमय उघडणे आले नाही. तिच्या वाट्याला एक काळा ठिपका आला, त्यावर एक बोळा आला आणि चार वर्षांनी एका अनोळखी बाईचा संकोचलेला फोन आला.

मुदतीचे घड्याळ कधी सुरू होते याचे उत्तर कलम ४६९ देते. (नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ते ५१५ आहे, मजकुरात म्हणावा असा फरक नाही.) एरवी गुन्ह्याच्या दिवसापासून. पण गुन्हा घडल्याचे कोणाला ठाऊकच नसेल, तर बाधित व्यक्तीला किंवा कोणत्याही पोलीस अधिकाऱ्याला तो ज्या दिवशी प्रथम कळेल त्या दिवसापासून. यांपैकी जे अगोदर घडेल ते. आणि गुन्हा कोणी केला हे ठाऊक नसेल, तर गुन्हेगाराची ओळख तिला किंवा तपासी अधिकाऱ्याला पटेल त्या दिवसापासून. तिथेही जे अगोदर घडेल ते. आमच्या मुलीचा वकील या शेवटच्या वाक्यावर भिस्त ठेवून आहे: बोळ्याच्या दिवशी तिला कोण ते ठाऊक नव्हतेच. समोरचा विचारतो, चाळीतल्या त्या बाजूला जिना कोणाचा होता?

हे कलम मी तिच्यासाठी म्हणून चार-पाच वेळा वाचले आणि नंतर स्वतःसाठी वाचत राहिले. काव्यातल्या ओळीवर थांबावे तशी ‘किंवा कोणत्याही पोलीस अधिकाऱ्याला’ या शब्दांवर थांबले. बाधित व्यक्तीचे ज्ञान आणि पोलिसाचे ज्ञान येथे एकमेकांच्या जागी ठेवता येण्यासारखे मानले आहे. खून, दरोडा, अफरातफर अशा गुन्ह्यांत ते ठीकही असेल. राज्य हे पीडिताच्या वतीने बोलते असे आपण मानतो, तेव्हा राज्याला कळले म्हणजे पीडिताला कळले. पण ज्या गुन्ह्याचा गाभाच ‘तिला ठाऊक नाही’ हा आहे, तिथे हे समीकरण उलटे पडते. वीजतंत्र्याला कळल्याने घड्याळ सुरू होत नाही. फोन विकत घेणाऱ्याला कळल्याने होत नाही. चित्रफीत शंभर जणांनी पाहिली तरी होत नाही. पण एका पोलीस अधिकाऱ्याने जप्त फोन उघडून पाहिला की त्या फोनमधल्या प्रत्येक अनोळखी स्त्रीचे घड्याळ, तिला काहीही माहीत नसताना, टिकटिकू लागते.

कायद्याच्या मराठीत अशा व्यक्तीला ‘व्यथित व्यक्ती’ म्हणण्याचा प्रघात आहे. वर्गात मी विचारीन की, जिला ठाऊकच नाही ती व्यथित कशी? व्यथेला जाणीव लागते, निदान आपल्या काव्यशास्त्राने तरी तसे मानले आहे. कायदा मात्र म्हणतो, तू व्यथित आहेस, तुला कळलेले नाही इतकेच, आणि तुझ्या व्यथेची मुदत परवा संपली.

हा तर्कटपणा नाही. त्या २०१९ च्या खोलीत दोघी होत्या. दुसरी मैत्रीण लग्न होऊन गुजरातेत गेली. फोनमधल्या फितींत तीही आहे. तिला अजून कोणी सांगितलेले नाही. पोलिसांनी फोन नोव्हेंबर २०२३ मध्ये पाहिला, आणि तो कोणाचा हेही त्याच आठवड्यात त्यांना ठाऊक झाले. कलमाचा शब्दशः अर्थ लावला तर तिच्यापुरती तीन वर्षे त्या दिवसापासून मोजायची. पोलीस तिच्यावाचूनही आरोप ठेवू शकतात हे खरे; गुन्हा दखलपात्र आहे. पण आपले चित्रण आपल्या नकळत झाले हे तिला वगळून कोण सांगणार? आणि तिचा जबाब घ्यायचा तर तिच्या सासरच्या दारात पोलीस उभे करायचे. तपासी अधिकाऱ्याने ते टाळले. मी त्यांना दोष देणार नाही. त्यांनी ते दयेपोटी टाळले असण्याची शक्यता बरीच आहे.

आमचे राज्यशास्त्राचे सहकारी या सगळ्यावर एक आक्षेप घेतात आणि तो मी टाळू इच्छित नाही. ते म्हणतात, मुदत ही सभ्यतेची खूण आहे. १८९८ च्या संहितेत फौजदारी गुन्ह्यांना सरसकट मुदत नव्हती. राज्याला कधीही, कोणाच्याही दारात येता येत असे. विधी आयोगाच्या विचारविनिमयानंतर १९७३ च्या संहितेत मुदतीचे प्रकरण आले आणि १ एप्रिल १९७४ पासून ते लागू झाले. सर्वोच्च न्यायालयाने पंजाब राज्य विरुद्ध सरवन सिंग (१९८१) या निकालात त्याचे प्रयोजन सांगितले आहे: जुने उकरून काढून छळण्यासाठी फौजदारी प्रक्रियेचा वापर होऊ नये. साक्षीदार विसरतात, मरतात, गाव सोडतात. पंधरा वर्षांनी निर्दोष माणसालाही त्या दिवशी आपण कुठे होतो हे सिद्ध करता येत नाही. “तुमच्या वर्गात मुलगेही बसतात ना?” असे ते विचारतात.

बसतात. म्हणूनच मुदत सरसकट काढून टाका असे मी म्हणत नाही. अनेक चळवळीतल्या मैत्रिणींना माझे हे म्हणणे मिळमिळीत वाटेल याची मला कल्पना आहे. पण सहकाऱ्यांच्या युक्तिवादातला पुरावा शिळा होण्याचा भाग इथे जसाच्या तसा लागू पडत नाही. चित्रफितीला स्मृतिभ्रंश होत नाही. तिच्या पोटात तारीख, वेळ, पुष्कळदा यंत्राची ओळखही असते. उलट जे खरोखर लवकर नाहीसे होते ते तीन वर्षे थांबतच नाही. सेवा देणाऱ्या कंपन्यांनी नोंदी १८० दिवस सांभाळाव्यात असा केंद्राचा २०२२ चा निर्देश आहे. त्यानंतरचा भरवसा नाही. दुकानातल्या कॅमेऱ्याचे चित्रण तर महिना-पंधरा दिवसांत पुसले जाते. म्हणजे घाई करण्याची खरी कारणे सहा महिन्यांतच उरकतात आणि तीन वर्षांची रेघ कोणत्याच पुराव्याच्या आयुष्याशी जुळत नाही.

दुसरे असे की, मुदतीच्या तत्त्वज्ञानात एक गृहीतक दडलेले आहे: ज्याचा हक्क आहे तो स्वस्थ झोपून राहिला. झोपलेल्याला कायदा मदत करत नाही हे वकिलांचे आवडते वाक्य. इथे जिला झोपलेली म्हणायचे ती जागीच होती, रोज कामाला जात होती. तिला उठवण्यासारखे काही घडू नये याची व्यवस्था आरोपीनेच केली होती. ज्याने लपवले त्यालाच लपवण्याच्या यशाचे बक्षीस मिळावे हे कोणत्या न्यायात बसते?

कायद्यात दुसरी एक खिडकी आहे, ती सांगितली पाहिजे. कलम ४७३, म्हणजे नव्या संहितेतले ५१९, न्यायालयाला मुदत उलटल्यावरही दखल घेऊ देते. उशिराचे समाधानकारक स्पष्टीकरण मिळाले तर, किंवा न्यायाच्या हितासाठी तसे करणे आवश्यक वाटले तर. शिवाय सारा मॅथ्यू प्रकरणात पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने २०१३ मध्ये स्पष्ट केले की, मुदत मोजताना तक्रार दाखल झाल्याची तारीख पाहायची, न्यायालयाने दखल घेतल्याची नव्हे. नव्या संहितेत तर हे स्पष्टीकरण म्हणून लिहिलेच आहे. त्यामुळे पोलीस ठाण्याच्या आणि न्यायालयाच्या दिरंगाईचा भुर्दंड तक्रारदाराला बसत नाही. हे मोठेच उपकार आहेत, आणि आमच्या मुलीचे प्रकरण या आधारावर तरेल असे तिच्या वकिलांना वाटते.

तरीही ‘उशिराचे स्पष्टीकरण’ हे शब्द मला बोचतात. स्पष्टीकरण कोणी द्यायचे? तिने. भर न्यायालयात, तिला ठाऊक नसण्याची कारणे. तू झडपेकडे पाहिलेस तेव्हा तुला काय वाटले? वाटले तर बोललीस का नाहीस? बोलली नाहीस तर बोळा का कोंबलास? हे प्रश्न वाचताना मला तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ आठवणे अपरिहार्य होते; ते मी दर दोन वर्षांनी शिकवते. रंगायनने १९६७ मध्ये ते नाटक रंगमंचावर आणले. त्यातला खटला लुटुपुटीचा आहे, करमणुकीसाठी मांडलेला, आणि त्याच्या आडून बेणारे बाईंचे खासगी आयुष्य सर्वांसमक्ष उलगडून ठेवले जाते. शेवटी न्यायाधीश झालेले काशीकर आरोपीला बोलायला दहा सेकंद देतात. आणि बेणारे बोलते ते दीर्घ स्वगत त्या दहा सेकंदांत मावणे शक्य नाही. सगळे थिजलेले असतात, आणि ती बोलत असते. विद्यार्थी दरवर्षी विचारतात की ती हे प्रत्यक्षात बोलली की मनात. मी दरवर्षी सांगते की, कोर्टाच्या घड्याळात ती काहीच बोलली नाही. हे उत्तर मी इतकी वर्षे नाट्यतंत्राचा मुद्दा म्हणून देत आले. यंदा ते देताना, पुढच्या बाकावर कोण बसले असेल आणि तिच्या मोरीला झडप कशी असेल, असा विचार मनात आला आणि तास लवकर संपवला.

कोणी म्हणेल, तुलना ताणलेली आहे; तेंडुलकरांचे न्यायालय मध्यमवर्गीय ढोंगाचे आहे, वसईचे न्यायालय तसे नाही. मान्य. वसईच्या दंडाधिकाऱ्यांनी तिला उभ्याने दोन तास थांबवले नाही, बसायला खुर्ची दिली, हेही नोंदवते. माझा मुद्दा व्यक्तींच्या वागणुकीचा नाही, मोजणीचा आहे: कोणाचा वेळ कोणाच्या घड्याळावर मोजायचा.

महाराष्ट्राला या प्रश्नाची ओळख नवी नाही. १९९४ मध्ये जळगावचे वासनाकांड उघडकीस आले, तेव्हा मुलींची छायाचित्रे आणि चित्रफिती काढून त्यांच्या आधारे त्यांना धाकात ठेवल्याचे आरोप होते. तेव्हा ३५४-सी नव्हते, ६६-ई नव्हते. पुढे येऊन बोलणाऱ्या मुली थोड्या होत्या आणि त्या थोड्या का होत्या हे त्या काळात जिल्ह्याच्या गावी वाढलेल्या कोणाही बाईला विचारावे. सप्टेंबर २०२२ मध्ये पवईच्या आयआयटीतील वसतिगृहात स्नानगृहात डोकावल्याच्या तक्रारीवरून उपाहारगृहाच्या एका कर्मचाऱ्याला अटक झाली. मुलीला तेव्हाच दिसले, तेव्हाच ती बोलली, त्याच वेळी गुन्हा नोंदला गेला. कायदा जणू याच प्रकारासाठी लिहिला आहे: खिडकीत डोळा आणि समोर किंचाळणारी बाई. कलमातले पहिले क्रियापदही ‘पाहणे’ हेच आहे. चित्रण त्यानंतर येते. ‘पाहणे’ हे त्या क्षणी संपते. चित्रण संपत नाही, आणि ते बाळगून ठेवण्याला तर कलमात क्रियापदच नाही. प्रसारित केले तर नवा गुन्हा. लैंगिक स्वरूपाचे उघड चित्रण प्रसारित केले तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६७-ए लागते, त्याची शिक्षा पाच वर्षांपर्यंत, म्हणून मुदत नाही. मुलगी अल्पवयीन असेल आणि अश्लील चित्रणासाठी तिचा वापर झाला असेल तर पॉक्सोची कडक कलमे आहेत. पण सज्ञान स्त्रीचे चित्रण करून कोणी ते नुसते जवळ ठेवले, वर्षानुवर्षे एकटा पाहत राहिला, तर त्याचा गुन्हा चित्रणाच्या दिवशीच पुरा झाला असे मानले जाण्याचा धोका आहे.

मग काय करावे? मला कायदा लिहिता येत नाही, पण वाक्य दुरुस्त करता येते. वीस वर्षे तेच करते आहे. या गुन्ह्यापुरते ‘किंवा कोणत्याही पोलीस अधिकाऱ्याला’ हे शब्द गाळावेत. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याच्या कायद्यात याच गुन्ह्यासाठी अशी तरतूद आहे की, चित्रण होताना त्या व्यक्तीच्या ते लक्षात आले नसेल, तर तिला स्वतःला प्रथम कळेल त्या दिवसापासून दोन वर्षांत खटला सुरू करता येतो. दोन वर्षे म्हणजे आपल्या तीनपेक्षा कमीच. तरीही मी ती पत्करीन, कारण तिथे घड्याळ तिचे आहे. आणि ‘कळणे’ म्हणजे चित्रण झाल्याचे निश्चित ज्ञान, केवळ शंका नव्हे, असे एक स्पष्टीकरण कलमाखाली घालावे, म्हणजे बोळा कोंबणाऱ्या मुलीपेक्षा न कोंबणारी मुलगी कायद्याने अधिक सुरक्षित अशी विपरीत स्थिती येणार नाही.

एवढे लिहून झाल्यावर खरा अवघड प्रश्न उरतोच. पोलिसाचे ज्ञान तिच्या खात्यावर मांडायचे नसेल, तर पोलिसाने ते तिला सांगितले पाहिजे का? जप्त केलेल्या एखाद्या फोनमध्ये चाळीस स्त्रिया असतील आणि त्यांपैकी अकरा ओळखता आल्या, तर त्या अकरा घरांत जाऊन सांगायचे? जाणून घेण्याचा हक्क आहे असे म्हणणे सोपे आहे. पण जी सुखाने झोपते आहे तिला उठवून, तुझ्या अंघोळीचे चित्रण एका माणसाने चार वर्षे पाहिले असे सांगणे हीही एक इजाच आहे, आणि ती राज्य करणार. न सांगणे म्हणजे तिच्या वतीने दुसऱ्याने निर्णय घेणे. इतकी वर्षे पुरुषांनी बायकांच्या वतीने ‘तिला कशाला सांगायचे’ हे ठरवले आहे, त्यामुळे ‘न सांगण्यातली दया’ मला सहजी गिळता येत नाही. तरी प्रत्यक्ष प्रसंग आला तेव्हा मला उत्तर सुचले नाही हे कबूल करते.

कारण प्रसंग आला. कागद आवरून झाल्यावर ती म्हणाली, “मॅडम, मी तिला सांगू का? वकील म्हणतात सांगितलेत तर तिचा जबाब होईल, आपली बाजू भक्कम होईल. पण मी माझ्या केससाठी तिला सांगते आहे असं तिला वाटलं तर?” मी विचारले, “तुला कळलं नसतं तर बरं झालं असतं असं वाटतं का?” ती बराच वेळ वहीतल्या ‘कळणे’ खाली रेघ ओढत राहिली. “कधी कधी,” म्हणाली. मग, “पण मग त्याच्याकडे ते अजून असतं.”

अर्जावरची सुनावणी दोनदा पुढे ढकलली गेली आहे. मैत्रीण दिवाळीला माहेरी येते, तेव्हा समोरासमोर बोलावे, फोनवर नको, इतके आमचे ठरले आहे. तिच्या मुदतीतले किती महिने तोवर उरतील ते मी बोटांवर मोजले, पण तिला सांगितले नाही.